पाठमोरा कोच

तळलेल्या लसणाचा वास आला की माझी पावलं आजही ओली झाल्यासारखी वाटतात. त्या वासामागोमाग दुसरे वास येतात: दुखऱ्या स्नायूंवर चोळायच्या मलमाचा, तुडवलेल्या गवताचा, आठवडाभर वाळूच न शकलेल्या जर्सींचा. मँचेस्टरच्या दक्षिणेला, ट्रामच्या शेवटच्या थांब्यापलीकडे एक मैदान होतं. रविवारी सकाळी तिथे धिप्पाड मुलं हेल्मेटं काखेत धरून ओळीने उभी राहायची, आणि माकडटोपी घातलेला, गळ्यात टाय बांधलेला एक साठीतला गृहस्थ स्टीलच्या डब्यातून प्रत्येकाच्या चिखलभरल्या तळहातावर मूठभर भडंग ठेवायचा. मुलं त्याला ‘गार्लिक राईस’ म्हणत. स्टॉकपोर्टचा एक मुलगा शेवटचा शेंगदाणासुद्धा चिखलासकट खायचा.

ते आमचे कोच.

ज्या शहरात फुटबॉल म्हटलं की माणसं ‘लाल की निळे?’ एवढंच विचारतात, आणि ते शहरातल्या दोन क्लबांबद्दल असतं, त्या शहरात ही मुलं अमेरिकन फुटबॉल खेळत. म्हणजे ज्यात चेंडूला पाय क्वचित लागतो आणि माणसाला माणूस सतत लागतो, असा खेळ. बघायला कुणी येत नसे. अमेरिकेत कॉलेजच्या संघाचा कोच हा एखाद्या संस्थानिकासारखा राहतो असं मी ऐकलं होतं. इथे युनिव्हर्सिटीचा क्लब मुलांचा असतो. मुलांची कमिटी, मुलांचाच अध्यक्ष, आणि कोच म्हणजे त्या कमिटीने हात वर करून नेमलेला, पदरमोड करून येणारा माणूस. विशीतली पोरं हात वर करून त्याला आणतात आणि तसेच हात वर करून घालवतात.

“मी इथे मुख्यमंत्र्यासारखा आहे,” कोच म्हणायचे. “आमदार बरोबर आहेत तोवर.”

पहिल्या दिवशी मी त्यांना ‘सर’ म्हटलं. त्यांनी कधीच न उघडणारी ती काळी छत्री उंचावली. “सर ही पदवी ह्या देशात राणी देते, कवयित्रीबाई. मला अजून बोलावणं आलेलं नाही. कोच म्हणा.”

मूळचे ते इचलकरंजीचे. महाराष्ट्राच्या मँचेस्टरातून खऱ्या मँचेस्टरात आलो, हे ते प्रत्येक नव्या माणसाला सांगत, आणि मग मधला मुक्काम सांगत: टेक्सस. कापसाचा अभ्यास करायला गेलेल्या ह्या तरुणाने तिथे कॉलेजच्या संघाची हेल्मेटं पुसण्याचं काम धरलं, आणि मोठ्या कोचच्या पाठीमागे उभं राहून अख्खा खेळ पाठ केला. खेळले मात्र एकदाही नाहीत. चष्म्याचा नंबरच तसा होता. पुढे कापडाच्या यंत्रांवर नोकरी केली, यंत्रं बंद पडली, नोकरी संपली, आणि युनिव्हर्सिटीच्या वस्त्रविभागात आठवड्यातून दोन तास शिकवणं तेवढं उरलं. त्या दोन तासांच्या आधारावर हे मैदान उभं होतं.

एखादा मुलगा वैतागून म्हणे, “कोच, तुम्ही आयुष्यात कधी एक टॅकल तरी खाल्लाय का?”

“नाही,” ते शांतपणे म्हणत. “पण कबड्डीत माझा गुडघा गेलाय. त्याला विचार, तो जास्त बोलतो.”

माझी आणि त्यांची ओळख मैदानावरची नव्हे. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात मी एक कविता वाचली होती. नवऱ्याच्या वर्क व्हिसावर नुकतीच आले होते. घरात दिवसभर मी आणि रेडिएटरची कुरकुर, एवढीच सोबत. त्या कवितेत धुक्याला नुकत्या पिंजलेल्या कापसाचा वास येतो अशी एक ओळ होती. कार्यक्रम संपल्यावर हातातली करंजी सांभाळत ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“कापसाला वास असतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. येतो तो.”

“येतोच. चाळीस वर्षं मी हे लोकांना सांगतोय.” त्यांनी करंजी संपवली, बोटं रुमालाला पुसली. “रविवारी सकाळी काय करता?”

अशा रीतीने, ज्या खेळाचा एकही नियम मला माहीत नव्हता त्या खेळाचं चित्रण करण्यासाठी मी वस्त्रविभागाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या शिडीवर चढले. शिडी मैदानाच्या कडेला, आमच्या बाकांच्या मागे उभी असे. वर मी, हातात व्हिडिओ कॅमेरा, बोटं कापलेले हातमोजे, आणि खाली कोच. नियम समजावून सांगा म्हटलं तर ते चक्क घाबरले.

“नको, नको. समजलं की माणूस बघायचा थांबतो. तुम्ही फक्त बघा.”

प्रत्येक डावानंतर ते शिडीकडे मान वर करून एकच शब्द विचारत: “दिसलं?” आणि मी सांगे. डावीकडच्या त्या उंच मुलाची टाच आधी उचलली गेली. अमुक मुलगा घाबरला की डाव्या हाताची मूठ उघडझाप करतो. चेंडू हवेत असताना आपला एक जण आकाशाकडे न बघता आपल्या सावलीकडे बघत होता. त्यांना यातलं काहीच फालतू वाटत नसे. ते मान डोलावत, मुलाला बोलावत, त्याच्या टाचेपाशी छत्रीचं टोक टेकवत. हळूहळू मुलांनीही तो शब्द उचलला. बोल्टनचा सहा फुटी मुलगा आपल्या मित्राला पाडून वर विचारी, “डिसलं?”

ओरडायला त्यांची सक्त मनाई होती. “ओरडणारा माणूस श्वास उधळतो,” असं ते म्हणत. श्वास हे त्यांचं खरं शास्त्र होतं. सरावाच्या सुरुवातीला त्यांनी संघाला मैदानाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत पळायला लावलेलं मी पाहिलं आहे. थंडीत चाळीसेक गळ्यांतून तो घुमारा निघे, खालच्या सुरात, मधमाश्यांच्या मोहोळासारखा, आणि मैदानाच्या रखवालदाराचा कुत्रा कुंपणापाशी येऊन कान टवकारून बसे. पुढची फळी ते मनगटांना मनगटं गुंफून उभी करत, कबड्डीत साखळी धरतात तशी. खेळात तसं धरायला परवानगी नाही. पण धरून झाल्यावर सोडलं तरी शेजाऱ्याचं मनगट अंगात राहतं, असं त्यांचं म्हणणं. त्यातला एक मुलगा आज वकील आहे. कोर्टाच्या पायऱ्या चढताना आपण अजूनही ‘कबड्डी’ पुटपुटतो, असं त्याने मला कळवलं होतं.

इतका डोळस माणूस; पण निर्णायक क्षण आला की तो मैदानाकडे पाठ करायचा.

मला आधी वाटलं, योगायोग. मग लक्षात आलं की सामना ज्या डावावर लटकलेला असे, नेमका तो डाव सुरू होताना कोच एका पायावर गर्रकन वळत आणि शिडीकडे तोंड करून उभे राहत. छत्री दोन्ही हातांनी छातीशी. जाड काचांमागचे डोळे माझ्या चेहऱ्यावर खिळलेले. माझ्या मागे पॉप्लरच्या झाडांची एक रांग होती. दुसऱ्या संघाचे लोक म्हणत, त्यांचा कोच झाडांची प्रार्थना करतो. डाव संपला, की तोच प्रश्न, पण वेगळ्या आवाजात: “दिसलं?”

कोडं कोचच्या बायकोने, काकूंनी, सोडवलं. सामन्यानंतर त्यांच्या घरी टेप बघायची, हा आमचा रिवाज होता; त्याआधी पिठलं-भात.

“अगं, लहानपणी रेडिओवर मॅच लागायची,” काकू पानात तूप वाढत म्हणाल्या. “हे ऐकायला बसले की विकेट पडायची. एकदा पडली, दोनदा पडली, झालं! सासूबाई ह्यांना अंगणात उभं करायच्या. आत सगळे जिंकायचे आणि हे बाहेर तुळशीकडे बघत उभे.”

“योगायोगाचा तो एक अभ्यास होता,” कोच भाताकडे बघत म्हणाले.

“अभ्यास कसला! अपशकुनी म्हणायचे घरात ह्यांना. इंजिनियर झाले, परदेश बघितला, तरी ते अंगण काही सुटलं नाही.”

कोचनी पिठलं आणखी मागितलं. त्यांना मूळ विषय बदलायचा असला की ते काहीतरी मागत.

त्या वर्षीच्या हिवाळ्याची सुरुवातच पराभवाने झाली. दोन मोसम आमचा संघ एकही सामना जिंकला नव्हता. नोव्हेंबरात डोंगरापलीकडचा यॉर्कशायरचा एक संघ आला. ह्या खेळात दोन फळ्या समोरासमोर वाकून उभ्या राहतात. चढाई करणाऱ्या फळीतला मधला खेळाडू चेंडू मागे देईपर्यंत कुणी हलायचं नसतं, आणि बचाव करणारा जो आधी उसळतो त्याच्या संघाला पाच यार्डांचा दंड. चेंडू कधी निघणार हे त्यांचा म्होरक्या मागून आवाज देऊन ठरवतो. त्या यॉर्कशायरच्या मुलाचा आवाज! चर्चमधल्या ऑर्गनसारखा खोल, मध्येच अचानक चढणारा. तो नुसता चढला की आमची मुलं बंदुकीचा बार ऐकल्यासारखी उसळत, आणि चेंडू जागेवरच. दंड. पुन्हा आवाज, पुन्हा उसळी, पुन्हा दंड. सबंध सामना आम्ही एका गळ्याला हरलो.

दुपारी काकूंच्या दिवाणखान्यात आम्ही ती टेप बघत होतो. कोचनी टीव्हीचा आवाज बंद केला होता. त्यांना तो गळा पुन्हा ऐकवत नव्हता.

“काय दिसतंय?” त्यांनी थकून विचारलं.

“धुकं,” मी म्हटलं. मग पुन्हा बघितलं. “कोच, जरा मागे घ्या. त्या मधल्या मुलाच्या तोंडची वाफ बघा.”

त्यांनी टेप मागे घेतली. वाकलेल्या मुलाच्या हेल्मेटच्या जाळीतून वाफ येत होती. एक ढग. आणखी एक ढग. मग नाही. आणि चेंडू निघाला.

“पुन्हा,” कोच म्हणाले.

एक ढग, दुसरा, मग नितळ हवा. चेंडू.

ते टीव्हीपुढे गुडघ्यांवर बसले. तो गेलेला गुडघासुद्धा त्यांनी टेकला. प्रत्येक वेळी तेच. मागचा गळा काहीही गाऊ दे, चेंडू द्यायच्या आधी त्या मुलाचा श्वास थांबत होता.

“पकडीला जाताना आम्ही असाच श्वास धरायचो,” ते हळूच म्हणाले. “सगळ्यांचा थांबतो. मी चाळीस वर्षं पाय बघत बसलो, बाई, आणि वाफ तुम्हाला दिसली.” मग आतल्या खोलीकडे तोंड करून: “अहो, घरात कापूस आहे का?”

“देवापुढच्या वातींचा आहे. का?” काकू आतून म्हणाल्या. “आता काय मुलांना देवासारखी कापसाची वस्त्रं घालणार?”

कापूस मुलांच्या कानांत गेला. डिसेंबर, जानेवारी, सबंध दोन महिने आमच्या पुढच्या फळीने कानांत कापसाचे बोळे घालून सराव केला. नवा, लांब धाग्याचा कापूस. निवड कोचनी स्वतः केली. समोर उभ्या असलेल्याचं तोंड बघायचं, वाफ बघायची, आणि ती तुटली की निघायचं. ऐकायचं काही नाही. बहिरी, एकमेकांची मनगटं चाचपणारी ती धिप्पाड मुलं धुक्यात एखाद्या पुरातन विधीतल्या माणसांसारखी दिसत. कमिटीतल्या काहींना मात्र ते वेडेपणाचं वाटलं. लीड्सकडे एक तरुण अमेरिकन कोच रिकामा होता, खराखुरा, खेळलेला.

शेवटच्या सामन्याच्या आदल्या गुरुवारी निखिल आला. तो आमचा कप्तान आणि कमिटीचा अध्यक्षही. वेम्बलीत जन्मलेला, पुढच्या फळीत मधोमध उभा राहणारा. मराठी तो फक्त आमच्याशी बोले. ते बोलणं त्याला जड जाई. त्या दिवशी अधिकच.

“कोच, आय हॅव टू बी ऑनेस्ट. कमिटीने व्होट केला. संडेला सेम टीम आहे, यॉर्कशायर. आपण हरला तर... नेक्स्ट इयर ते लोक त्या अमेरिकनला आणणार. मी हात वर नाही केला. पण प्रेसिडेंट आहे ना, म्हणून मला सांगायला लागते.”

“बरोबर आहे,” कोच म्हणाले. “मुख्यमंत्र्याला सांगायलाच पाहिजे.”

“सॉरी, कोच.”

“सॉरी कशाला? कापूस पुरेल ना तुम्हाला?”

निखिल गेल्यावर ते बराच वेळ डब्याचं झाकण घट्ट बसवत होते. ते आधीच बसलेलं होतं. “रविवारी थंडी पडली पाहिजे,” एवढंच ते म्हणाले. “वाफ दिसली पाहिजे.”

थंडी पडली. गवत इतकं गोठलं होतं की बुटांखाली कुरकुरे, भाजलेल्या पापडासारखं. सूर्य कुठेतरी राखेसारख्या आभाळामागे. शिडीच्या पायऱ्या बोटांना चिकटत होत्या. कोचनी स्वतःच्याही कानांत बोळे घातले. “त्यांच्या कानांत, मग माझ्याही,” असं म्हणाले. बहुधा मोठ्याने म्हणतोय हे त्यांना कळलं नसावं.

मग त्या गळ्याने गायला सुरुवात केली. तो चढला, उतरला, थबकला, गरजला. आमची फळी हलली नाही. तो पुन्हा गरजला. आमची फळी दगडी. मग समोरचा तो छोटा पांढरा ढग विरला, आणि आमची सगळी मुलं एकदम निघाली. चेंडू त्या मुलाच्या हातून सुटतो न सुटतो तोच निखिल त्यांच्या फळीच्या पलीकडे होता. त्या सकाळी मी वाफेवर चालणारा संघ पाहिला. यॉर्कशायरचा म्होरक्या पुन्हा पुन्हा स्वतःच्या मुलांकडे बघत होता, आपला आवाज कुणी चोरला अशा नजरेने. पूर्वार्ध संपला तेव्हा आम्ही पुढे होतो.

आणि मग ऊन पडलं.

इंग्लंडात लोक उन्हासाठी नवस बोलत असतील; मी त्या सकाळी त्याला शाप दिले. राख फाटली, गवत चमकायला लागलं, हवा कोवळी झाली. तोंडांपुढचे वाफेचे ढग पातळ होत गेले, मग नुसती झाक राहिली, मग तीही नाही. यॉर्कशायर पुढे सरकू लागलं. त्यांनी एकदा आमची सीमारेषा ओलांडली. आमची आघाडी आता एखाद्या दोऱ्याएवढी उरली होती, आणि शेवटच्या डावाला ते आमच्या सीमारेषेपासून दोन पावलांवर वाकून उभे होते. तेवढं त्यांनी ओलांडलं तर सामना त्यांचा, आणि पुढचं वर्ष त्या अमेरिकनचं.

कोच गर्रकन वळले.

छत्री छातीशी, कानांत कापूस, मैदानाकडे पाठ. त्यांना आता दिसत नव्हतं आणि ऐकूही येत नव्हतं. जगात त्यांच्यापुढे फक्त माझा चेहरा होता. मी हाताने खूण केली, वळा. त्यांनी मान हलवली. मी पुन्हा खूण केली. चष्म्यामागचे ते डोळे सात-आठ वर्षांच्या मुलाचे होते, अंगणात उभे केलेल्या मुलाचे. आतले सगळे जिंकावेत म्हणून ज्याने बघायचं नाही, अशा मुलाचे.

त्यांच्यामागे, कॅमेऱ्याच्या काचेत, निखिल वाकला. त्याची नजर त्या मधल्या मुलाच्या जाळीवर नव्हती. ती त्याच मुलाच्या पाठीवर होती. ओली जर्सी बरगड्यांवर चिकटलेली, वर, खाली. वर, खाली. तेव्हा मला कळलं की वाफेची गरज कधीच संपली होती. ह्या मुलांना आता नुसता श्वास दिसत होता.

कॅमेरा चालू होता. त्याच्यासाठी माझी गरज नव्हती. मी तो शिडीच्या माथ्यावर घट्ट धरला, कोचकडे सरळ बघितलं, आणि डोळे मिटून घेतले.

पापण्यांच्या आतून ऊन लाल दिसत होतं. तो गळा उठला, चढला, तुटला, पुन्हा चढला. मग त्याच्याखाली एक शांतता, कापसासारखी. मग शिडीच्या पायाशी, ओल्या गवतावर, एका बुटाच्या टाचेचा गर्रकन फिरण्याचा आवाज.

आणि धडक. प्लॅस्टिकची, हाडांची, ओल्या कापडाची, सबंध फळीची एकच धडक. शिडीच्या पायऱ्यांतून ती माझ्या तळव्यांपर्यंत आली. शिट्टी. मग बोल्टन आणि स्टॉकपोर्ट आणि वेम्बली एका गळ्याने ओरडली, ज्यांना ओरडायला सक्त मनाई होती ती सगळी.

मी डोळे उघडले तेव्हा माणसांचा एक ढीग रेषेच्या अलीकडे उसवत होता. सगळ्यात तळाशी निखिल होता, त्यांच्या चेंडूवाल्या मुलाला कवेत धरून, रेषेपासून दोन्ही पावलं तशीच शिल्लक ठेवून. मुलांनी ऑरेंज स्क्वॉशची बादली उचलली आणि अमेरिकन रिवाजाप्रमाणे कोचच्या डोक्यावर ओतली. माकडटोपी, टाय, छत्री, सगळं केशरी. निखिलने त्यांच्या कानातला एक बोळा काढला आणि त्या कानात ओरडला, “कोच! नेक्स्ट सीझनचा प्रॅक्टिस कधी सुरू करायचा?”

“उद्या,” कोच म्हणाले.

मग ते त्या घोळक्यातून निघाले आणि शिडीपाशी आले. चष्म्यावरून स्क्वॉश ओघळत होतं, एका कानात कापूस तसाच होता. त्यांनी मान वर केली. मी प्रश्नाची वाट बघत होते, आणि तो डाव मी पाहिलाच नव्हता. पण ह्या वेळी त्यांचा स्वर वर चढला नाही. तो हलकेच खाली आला, जमिनीवर टेकला, आणि तिथेच राहिला.

“दिसलं.”